कोर्टाच्या लिलावातले पैसे आपोआप परत येत नाहीत

जमीन आणि फ्लॅटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरत असतो. शब्द बदलतात, गाभा तोच राहतो. कोर्टाच्या लिलावात मालमत्ता स्वस्त मिळते, टायटल, म्हणजे मालकीहक्क, कोर्टाने तपासलेले असते, जुनी देणी लिलावाबरोबर मिटतात, आणि काही बिघडलेच तर पैसे कोर्टात जमा असल्याने व्याजासकट परत मिळतात. सुरुवातीचे 25 टक्के तर नुसता बयाणा, मन बदलले तरी परत. हे वाचून घरातले दागिने मोडून बोली लावायला येणारी माणसे मी पाहिली आहेत. म्हणून यातल्या एकेका दाव्याला उत्तर देणे मला गरजेचे वाटते. मी बोलतोय ते दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या (डिक्रीच्या) वसुलीसाठी, म्हणजे दरखास्तीत होणाऱ्या लिलावाबद्दल. बँका थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सरफेसी कायद्याखाली करतात त्या लिलावांचे नियम वेगळे आहेत.

"टायटल कोर्टाने तपासलेले असते." नसते. कोर्ट विकते ते फक्त ऋणकोचा, म्हणजे ज्याच्याकडून वसुली व्हायची त्याचा, त्या मालमत्तेत जो काही हक्क असेल तो. पूर्ण असेल तर पूर्ण, चार आण्यांचा असेल तर चार आण्यांचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 21 मधल्या नियम 66 प्रमाणे विक्रीचा जाहीरनामा निघतो. त्यात मालमत्तेचे वर्णन, तिच्यावरचा बोजा, वसूल करायची रक्कम आणि खरेदीदाराला कळायला हवी अशी इतर माहिती द्यायची असते. पण ही माहिती बहुतांशी पक्षकारच पुरवतात. किमतीचा आकडासुद्धा त्यांचाच असू शकतो, स्वतःचा अंदाज लिहिण्याचे बंधन कोर्टावर नाही. गट नंबर, क्षेत्र, आकार, चतुःसीमा आणि खाली कोर्टाचा शिक्का असा कागद हाती आला की माणसाला तो सर्च रिपोर्टसारखा, म्हणजे वकिलाने मालकीची कागदपत्रे तपासून दिलेल्या अहवालासारखा, वाटू लागतो. तो सर्च रिपोर्ट नव्हे. सातबाऱ्यावर "इतर हक्क" या रकान्यात सोसायटीचा बोजा आहे का, कब्जेदार सदरी ऋणकोबरोबर भावाबहिणींची नावे आहेत का, हे खरेदीदारानेच बोलीच्या आधी पाहायचे असते.

"जुनी देणी मिटतात." हेही सरसकट खरे नाही. अहमदाबाद महापालिकेचे एक प्रकरण 1971 साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. आधीच्या मालकाच्या थकलेल्या करासाठी पालिका लिलावातल्या खरेदीदाराच्या मागे लागली होती. तिथे खरेदीदार जिंकला, कारण त्या थकबाकीची त्याला माहिती नव्हती आणि ती होती असे कायद्याने गृहीतही धरता येत नव्हते. लिलाव झाला म्हणून देणे आपोआप पुसले गेले, असे कोर्टाने म्हटलेले नाही. विजेच्या थकबाकीबाबत तर मे 2023 मध्ये केरळ वीज मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खरेदीदाराच्या विरुद्ध जाणारी भूमिका घेतली. नियमांत तशी तरतूद असेल, तर नवी जोडणी देण्याआधी वीज कंपनी जुन्या मालकाची बाकी मागू शकते. "जसे आहे, जेथे आहे" या अटीवर घेतलेल्या मालमत्तेत हा खर्च आधीच धरून बोली लावावी लागते.

आता मुख्य दावा, "काही बिघडले तर पैसे व्याजासकट परत." सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होते, कारण यात अर्धे सत्य आहे. पैसे परत मिळू शकतात. पण विक्री रद्द झाली तरच, आणि विक्री रद्द होण्याचे रस्ते मोजके आहेत.

पहिला रस्ता त्याच ऑर्डर 21 मधल्या नियम 91 चा. ऋणकोला त्या मालमत्तेत विकण्याजोगा हक्कच नव्हता, या कारणावर खरेदीदार विक्री रद्द करण्याचा अर्ज देऊ शकतो. वर सांगितलेल्या 1971 च्या निकालात न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला आहे. लिलावातला खरेदीदार मालमत्ता तिच्या टायटलमधल्या दोषांसकट घेतो, तिथे सावध राहणे ही त्याचीच जबाबदारी असते. ऋणकोला विकण्याजोगा हक्कच नसणे ही गोष्ट मात्र वेगळी, तिला नियम 91 आहे. खरी मेख इथे आहे. चार भावांच्या जमिनीत ऋणकोचा एक चतुर्थांश हिस्सा निघाला, तर "हक्कच नव्हता" असे म्हणता येत नाही. हिस्सा होता, तो तुम्ही घेतला. मग उरतो वाटपाचा दावा. जमीन एकत्र हिंदू कुटुंबाची असेल, तर असा खरेदीदार थेट संयुक्त कब्जाही मागू शकत नाही, आधी वाटप करून घ्यावे लागते. आणि वाटपाच्या दाव्याला किती वर्षे लागतात हे महाराष्ट्रातल्या गावागावाला ठाऊक आहे.

दुसरा रस्ता नियम 90 चा, जाहिरात देण्यात किंवा लिलाव चालवण्यात झालेल्या गंभीर अनियमिततेचा किंवा फसवणुकीचा. 1976 च्या दुरुस्तीपासून खरेदीदारही असा अर्ज करू शकतो, पण त्यामुळे आपले भरीव नुकसान झाले हे दाखवावे लागते.

या दोन्ही अर्जांना मुदत आहे विक्रीच्या तारखेपासून 60 दिवस. मुदत कायद्याच्या कलम 5 खाली उशीर माफ करण्याची सवलत ऑर्डर 21 मधल्या अर्जांना लागू नाही. वकील आजारी होता, सातबारा उशिरा मिळाला, ही कारणे इथे चालत नाहीत. मेसेजमध्ये या 60 दिवसांचा उल्लेखही नसतो, याचा मला खरोखर राग येतो.

विक्री रद्द झाली की नियम 93 लागू होतो. ज्याला पैसे दिले गेले त्याच्याकडून ते परत मिळवण्याचा हुकूम खरेदीदाराला मिळू शकतो, "व्याजासह किंवा व्याजाविना". व्याज हा हक्क नाही, ते कोर्ट ठरवते. "पैसे कोर्टात जमा असतात" हेही कायम खरे नसते. कोर्टाने विक्री कायम, म्हणजे पक्की, केली की रक्कम हुकूमनामेदाराला, म्हणजे वसुली मागणाऱ्याला, उचलता येते. पुढे तिसऱ्याच माणसाने दावा लावून ऋणकोची मालकीच उडवली, तर नियम 92 प्रमाणे त्या दाव्यात खरेदीदार आणि हुकूमनामेदार दोघांनाही पक्षकार करावे लागते, आणि दावा मंजूर झाल्यास कोर्ट हुकूमनामेदाराला पैसे परत करायला सांगते. तरतूद चांगली आहे. पण तोवर पैसे खर्चून बसलेल्या माणसाकडून ते काढणे म्हणजे नवी वसुली.

व्याजासारखे काही खात्रीने मिळते ते एकाच ठिकाणी. ऋणकोने नियम 89 खाली सगळी रक्कम भरून विक्री रद्द करून घेतली, तर खरेदीदारासाठी त्याला खरेदीच्या रकमेच्या 5 टक्के जादा भरावे लागतात. 40 लाखांच्या बोलीवर 2 लाख. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा हीच तरतूद ऐकून तिचे सरसकटीकरण केले असावे.

"सुरुवातीचे 25 टक्के म्हणजे बयाणा, मन बदलले तर परत." नाही. बोली मान्य होताच 25 टक्के भरायचे आणि उरलेले विक्रीपासून पंधराव्या दिवशी कोर्ट बंद होण्याआधी. ही मुदत वाढवण्याचा अधिकार कोर्टाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्येच सांगितले आहे. चुकलात तर लिलावाचा खर्च वजा करून उरलेली अनामत सरकारजमा होऊ शकते. शिवाय फेरलिलावात किंमत कमी आली, तर ती तूट तुमच्याकडून वसूल होऊ शकते. बँकेचे कर्ज 15 दिवसांत मंजूर होईल या भरवशावर बोली लावणारे इथेच अडकतात. बँकांच्या लिलावातही वेगळे चित्र नाही. सेंट्रल बँकेच्या एका प्रकरणात फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 25 टक्क्यांची जप्ती वैध ठरवली.

कब्ज्याचेही तसेच. नियम 95 खाली कब्जा मागता येतो, पण विक्री कायम झाल्यापासून एका वर्षाच्या आत.

शेतजमिनीबाबत तर मेसेज पूर्ण गप्प आहे. पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि खानदेशात लागू असलेल्या महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम 63 मध्ये बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकण्यावर बंदी आहे, आणि त्या कलमात दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यातली विक्रीही स्पष्ट शब्दांत धरलेली आहे. शेतकरी नसलेल्याने कोर्टाच्या शिक्क्यावर भिस्त ठेवून शेतजमिनीवर बोली लावू नये.

आणि ज्यांची बोली लागून गेली आहे, पैसे भरून झालेत आणि आता मालमत्तेत घोळ दिसतोय, त्यांनी आज पहिल्यांदा लिलावाची तारीख काढावी. 60 दिवस उलटून गेले नसतील, तर नियम 91 किंवा 90 चा अर्ज त्याच दरखास्तीत दाखल करावा. त्याच्याबरोबर दुसरा अर्जही द्यावा, पहिल्याचा निकाल लागेपर्यंत रक्कम हुकूमनामेदाराला देऊ नये असा. जमा रकमेच्या पावत्या, जाहीरनाम्याची नक्कल, ताजा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि फेरफाराच्या नकला दोन्ही अर्जांना जोडाव्यात.