नवीन ग्राफिक कार्ड लिनक्सवर चालत नाही? खुलासा

नाशिकच्या आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतंय की नवीन ग्राफिक कार्ड लिनक्सवर (विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टीम) १०२४×७६८ रिझोल्यूशनच्या, म्हणजे स्क्रीनवरच्या ठिपक्यांच्या संख्येच्या, वर जातच नाही, कार्ड परत करा. हे चुकीचं आहे. परवाच सिडकोत भाच्याच्या पीसीवर हेच झालेलं, अक्षरं ही एवढाली मोठी, आणि सेटिंगमध्ये दुसरं रिझोल्यूशनच नाही.

कार्ड बहुतेक वेळा ठणठणीत असतं हो, कर्नल (लिनक्सचा गाभा, जो हार्डवेअर चालवतो) जुना असतो. त्याला कार्ड ओळखता येत नाही म्हणून तो साध्या कामचलाऊ ड्रायव्हरवर जातो, आणि मग एक्सरँडरने (xrandr, रिझोल्यूशन बदलायची कमांड) कितीही मोड टाका, उपयोग शून्य. उदाहरणार्थ इंटेल आर्क ए सिरीजचा सपोर्ट कर्नल ६.२ पासून आपोआप चालू असतो, आणि उबंटू २२.०४ (लिनक्सचीच एक आवृत्ती) आलं तेव्हा त्यात कर्नल ५.१५ होता, मग कसं चालणार सांगा.

टर्मिनलमध्ये 'lspci -k' टाइप करून कार्डाखाली 'Kernel driver in use' ही ओळ आहे का बघा, भाच्याकडे ती नव्हतीच. एचडब्ल्यूई कर्नल (नवीन हार्डवेअरसाठी उबंटू देतं तो नवा कर्नल) टाकला, फर्मवेअर पॅकेज (कार्डाला लागणाऱ्या फाइली) अपडेट केलं, रिस्टार्ट, लगेच १९२०×१०८०. इन्स्टॉल करताना नोमोडसेट (nomodeset, ग्राफिक ड्रायव्हर बंद ठेवणारा पर्याय) टाकलं असेल तर ते ग्रबमधून (लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) काढायचं, बरेचजण तिथेच अडकतात. कार्ड परत करायच्या आधी प्लीज एवढं करून बघा.