उच्चभ्रू वस्तीतलं घर : ‘पैसे एकदाच मोजायचे’ हे खरं नाही

गेले काही आठवडे एक मजकूर सगळीकडे फिरतोय. माझ्याकडे तो तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून आला आणि तिन्ही ठिकाणी खाली अंगठ्यांची रांग होती. मजकूर थोडक्यात असा : ‘ऐपतीबाहेर वाटलं तरी घर सर्वांत महागड्या वस्तीतच घ्या. पैसे एकदाच मोजायचे असतात. जमीन नव्याने तयार होत नाही, म्हणून तिथले भाव उतरत नाहीत. शेजार मोठ्या लोकांचा, ओळखी आपोआप होतात. आणि अडचण आली तर असं घर हातोहात विकलं जातं.’

दोघं कमावणारी, चाळिशी गाठलेली जोडपी हे वाचून आयुष्याची पुंजी लावायला निघतात. म्हणून यातलं एकेक वाक्य तपासून बघायला हवं.

‘पैसे एकदाच मोजायचे.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. जाहिरातीतला आकडा ही घराची किंमत असते. ते घर तुम्हाला केवढ्याला पडतं, हा हिशेब वेगळा. किंमत १०० धरा. त्यातले २० तुम्ही स्वतः भरले आणि ८० कर्ज काढलं, साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी. हप्ते फिटेपर्यंत त्या ८० चे जवळपास १६७ होतात. म्हणजे १०० चं घर १८७ ला पडलं, आणि यात मुद्रांक, नोंदणी, दलाली अजून धरलेलीच नाही. महागड्या घरांवर अनेक देशांत कराचा दरही चढता असतो. इंग्लंडमध्ये १५ लाख पौंडांच्या वरच्या रकमेवर मुद्रांक शुल्क १२ टक्के आहे. लॉस एंजेलिसमध्ये तर एप्रिल २०२३ मध्ये घर विकणाऱ्यालाही ५० लाख डॉलरच्या पुढे ४ टक्के आणि एक कोटीच्या पुढे साडेपाच टक्के हस्तांतरण कर लागू झाला.

हे झाले एकदाचे खर्च. खरी धाप लागते ती दर महिन्याच्या खर्चाने. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याने अशाच वस्तीत वरच्या मजल्यावर घर घेतलं. दिवाणखान्याला जमिनीपासून छतापर्यंत काच, आणि घर पसंत पडलं ते त्या काचेमुळेच. चौथ्या पावसाळ्यात काचेच्या दोन थरांमध्ये ओल धरली आणि सकाळी धुरकट दिसायला लागलं. कडेचं सील गेलं होतं. काच बदलायची तर ती लिफ्टमध्ये मावेना, जिन्यातून वळेना. शेवटी बाहेरून क्रेन लावावी लागली. त्यासाठी खालचा रस्ता अडवायची परवानगी काढली, सोसायटीकडे अनामत भरली, आणि काम कोणाकडून करून घ्यायचं हेही सोसायटीच्याच यादीतून ठरवावं लागलं. काचेच्या पैशांपेक्षा ती वर चढवण्याचे पैसे जास्त झाले. साध्या घरात हे काम सुतार आणि त्याचा एक मदतनीस दुपारपर्यंत उरकतात.

यामागचं एक कारण फिरत्या मजकुरात कुठेच नाही. वस्ती खास असते कारण तिथे घरं कमी असतात. पण घरं कमी म्हणजे खर्चाचे वाटेकरीही कमी. लिफ्ट बदलायची तर दोनशे घरांच्या इमारतीत तो खर्च दोनशे ठिकाणी विभागला जातो, वीस घरांच्या इमारतीत वीस ठिकाणी. चोवीस तासांचे पहारेकरी, जनरेटर, पोहण्याचा तलाव, बाग या सगळ्याचं हेच गणित. तुम्ही तलावात वर्षभर पाय घातला नाही तरी तुमचा वाटा चुकत नाही. ज्या खासपणासाठी जास्त किंमत मोजली, तोच पुढे दर महिन्याचं बिल फुगवत राहतो.

विम्याचंही तसंच. कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक पॅलिसेड्स या धनिकांच्या वस्तीत जानेवारी २०२५ मध्ये वणव्याने हजारो घरं गेली. त्यातल्या अनेकांच्या पॉलिसींचं नूतनीकरण विमा कंपन्यांनी आगीच्या धोक्यामुळे आधीच नाकारलेलं होतं. कंपनी धोका मोजते, पत्त्याचा मान ठेवत नाही.

‘जमीन नव्याने तयार होत नाही, म्हणून भाव उतरत नाहीत.’ पहिलं अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच दुसरं अर्धं गळी उतरतं. जपानमध्ये जमीन तर फारच थोडी. तरी १९९१ नंतर तिथल्या मोठ्या शहरांत जमिनीचे भाव दशकभराहून जास्त काळ घसरत राहिले. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातल्या ‘वन ५७’ या गगनचुंबी इमारतीत २०१४ मध्ये सुमारे ५ कोटी ९ लाख डॉलरला घेतलेला एक फ्लॅट कर्जवसुलीच्या लिलावात २०१७ साली ३ कोटी ६० लाखांना गेला.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो अ‍ॅमस्टरडॅमचा दाखला. हेरेनग्राख्त नावाच्या कालव्याकाठी सतराव्या शतकापासून शहरातले धनाढ्य राहत आले. पीट आइखहोल्त्झ या डच अभ्यासकाने तिथल्या १६२८ ते १९७३ या काळातल्या खरेदी-विक्रीवरून भावांचा निर्देशांक तयार केला. महागाई वजा केल्यावर, जवळजवळ साडेतीनशे वर्षांत तिथल्या घरांचं मोल जेमतेम दुप्पट झालेलं दिसतं. जागा तीच, कालवा तोच, मान तोच, आणि वाढ वर्षाला सरासरी ०.२ टक्के. मधल्या काळात भाव पडलेही, आणि एकेकदा ते सावरायला पिढ्या गेल्या.

शिवाय वाढते ती जमीन. बांधकाम जुनंच होत जातं. आज ज्या स्वयंपाकघराला ‘इटालियन’ म्हणून जादा पैसे मोजले, ते पंधरा वर्षांनी घेणारा आधी तोडून टाकतो.

कोणी म्हणेल, ‘आम्ही घेतलं आणि दहा वर्षांत दीडपट झालं.’ झालं असेल. १०० चे १५० म्हणजे वर्षाला साधारण ४.१ टक्के. घेताना करापोटी ६ गेले, देखभालीला दरवर्षी १ गेला, विकताना दलालीचे २ गेले, की हाती वर्षाला तीन टक्क्यांच्याही आत उरतात, आणि कर्जाचं व्याज यात धरलेलंच नाही. इतकी वर्षं त्या घरात राहायला मिळालं, ही मोठीच मिळकत आहे, ती मी नाकारत नाही. पण मग त्याला राहण्याचं सुख म्हणा, गुंतवणूक म्हणू नका.

‘ओळखी आपोआप होतात’ यावर फार बोलत नाही. उंच कुंपणाच्या आणि तळघरातल्या पार्किंगमधून थेट घरात जाणाऱ्या लिफ्टच्या वस्तीत शेजारी महिनोन्‌महिने दिसत नाहीत. हप्त्यासाठी जादा तास काम करणाऱ्याला तर नाहीच.

‘हातोहात विकलं जातं.’ जितकं महाग घर, तितकी गिऱ्हाइकं थोडी. त्यात काही ठिकाणी नवा खरेदीदार चालेल की नाही हे शेजारीच ठरवतात. न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यूवरच्या जुन्या को-ऑप, म्हणजे रहिवाशांच्या सामाईक मालकीच्या, इमारतींत खरेदीदाराला व्यवस्थापक मंडळापुढे मुलाखत द्यावी लागते, आणि मंडळाने नकार दिला की विकणाऱ्याचा ठरलेला सौदा मोडतो. मायकेल जॉर्डनसारख्या नामांकित बास्केटबॉलपटूचं शिकागोजवळच्या हायलंड पार्क या श्रीमंत उपनगरातलं घर २०१२ मध्ये २ कोटी ९० लाख डॉलरला विक्रीस निघालं. किंमत उतरवत दीड कोटीच्या खाली आणली. तरी ते विकलं गेलं २०२४ च्या डिसेंबरमध्ये, ९५ लाखांना. बारा वर्षं मालमत्ता कर, वीज आणि निगा चालूच होती.

जॉर्डनला ते झेपलं. काचेवाल्या त्या जोडप्यातल्या एकाची नोकरी गेली तेव्हा त्यांनी घर विकायला काढलं. चौदा महिने झाले. पाहायला सहा जण आले. त्यातल्या चौघांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘महिन्याचा मेन्टेनन्स किती?’ आकडा ऐकून दोघं दिवाणखान्यापर्यंतही आले नाहीत. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातोय.