कल्चर सर्व्हे कसा भरावा

कंपनीचा वार्षिक ‘कल्चर सर्व्हे’ मेलमध्ये येऊन पडलाय आणि वर जाड अक्षरात लिहिलंय की तो पूर्णपणे निनावी आहे. विश्वास ठेवा. नाव कुठेच विचारलेलं नाही. फक्त टीम, लोकेशन, वयोगट, लिंग आणि कंपनीतली वर्षं तेवढी विचारलीत. हिंजवडी फेज थ्रीतल्या चार जणांच्या टीममध्ये पस्तिशीची एकच बाई असेल, तर तिला ओळखणार तरी कोण? दोन दिवसांनी मॅनेजर जागेवर येऊन ‘तुझाच तेवढा राहिलाय गं, टाक भरून’ म्हणेल. तेव्हा ‘तुम्हाला कसं कळलं?’ असले पेठी प्रश्न विचारू नयेत.

‘कंपनी मला कुटुंबासारखी वाटते.’ इथे बिनदिक्कत ‘पूर्णपणे सहमत’. ते खोटंही नाही. रात्री साडेदहाला फोन करून ‘झोपला नाहीस ना?’ विचारायची हिंमत घरच्यांनाच होते. शिवाय घरच्या कामाचा ओव्हरटाइम कुणी मागतं का? तुमचे वडील पिंपरीला टेल्कोत होते, तिथे कुटुंब वगैरे भानगड नव्हती. १९४८ चा फॅक्टरी ॲक्ट होता. दिवसाचे ९ तास भरले की पुढच्या तासाला दुप्पट दर. बिचारे! त्यांना ‘ओनरशिप’ कुणी शिकवलीच नाही. म्हणून ते अजून विचारतात, ‘तुमची शिफ्ट सुटते कधी रे?’

पुढचा प्रश्न वर्क-लाइफ बॅलन्सचा. वाकडच्या पुलाखाली कॅब अडकते, तो वेळ कशात धरायचा? सोपं आहे. मांडीवर लॅपटॉप उघडा असेल तर वर्क, क्लायंट म्यूटवर असेल तर लाइफ.

तुम्ही १९८१ ते १९९६ मधले, म्हणजे मिलेनियल. एचआरच्या स्लाइडप्रमाणे तुम्हाला पगारापेक्षा ‘पर्पज’ हवा असतो, आणि बीनबॅग. ताथवड्यातल्या टू बीएचकेचा हप्ता पर्पजमधून कापून घ्यायला बँक तयार होत नाही, हा बँकेचा कोतेपणा.

शेवटी रिकामा चौकोन येतो: ‘आणखी काही सांगायचंय?’ काहीही सांगायचं नाहीये. ‘ऑल गुड’ लिहून सबमिट करा आणि गेटबाहेरच्या टपरीवर या. खरा सर्व्हे तिथे रोज चार वाजता होतो: कुणाला किती हाईक, कुठल्या प्रोजेक्टवर माणूस टिकत नाही, कुणाला तरी तळाचं रेटिंग द्यायलाच लावणाऱ्या बेल कर्व्हमध्ये यंदा कुणाचा बळी. चहावाल्याने एखाद्याची उधारी अचानक बंद केली, तर त्याने रेझ्युमे अपडेट करायला घ्यावा.

आणि पेपर टाकायचाच असेल तर घाई नको. या कुटुंबातून बाहेर पडायला नोटिशीचे ९० दिवस लागतात. कुटुंबाने तुम्हाला काढायचं ठरवलं तर मात्र दुपारच्या डब्याआधी आयडी कार्ड बंद होतं. एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये कारण ‘हायर स्टडीज’ लिहा. वय एक्केचाळीस असलं तरी लिहा. आधीच्या एचआर मॅडमनीही तेच लिहिलं होतं.