माकडहाडाचा धडा

दहावीतल्या भाच्याचा फोन आला. तो सीबीएसईच्या शाळेत शिकतो. "मावशी, शरीराचे धडे संपतच नाहीत गं. काय कुठून कुठे जातं तेवढं पाठ करायचं. असं का आहे, ते कुठेच लिहिलेलं नाही." त्याचं म्हणणं साधं होतं. नाकातून आलेली हवा पुढच्या नळीत जाते, तोंडातून आलेला घास मागच्या नळीत. म्हणजे घशात दोघांच्या वाटा एकमेकींना छेदतात. मग मध्ये एक झाकण बसवायचं आणि तरी ठसका लागायचाच. दोन वेगळ्या वाटा का नाहीत?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, गेली बरीच वर्षं अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात राहते. हा प्रश्न ऐकून मला इतका आनंद झाला की रात्र झालेली असूनही मी त्याला तासभर बसवून घेतलं. फुप्फुस ही मुळात प्राचीन माशांच्या अन्नमार्गाला फुटलेली पिशवी. पाण्यात प्राणवायू कमी पडला की वर येऊन तोंडानं हवा घ्यायची आणि त्या पिशवीत साठवायची. त्यामुळे हवेची वाट अन्नाच्या वाटेतूनच निघाली, आणि त्या माशांचे पुढचे सगळे वंशज तीच रचना घेऊन आले. गर्भातही चौथ्या आठवड्यात फुप्फुसाचा कोंब अन्नमार्गाच्या पुढच्या भिंतीतूनच फुटतो. निसर्गाला जुनं घर पाडून नवं बांधता येत नाही. राहत्या घरातच भिंती सरकवाव्या लागतात.

"मग हे आम्हाला का नाही शिकवत?" त्यानं विचारलं. त्या प्रश्नासाठी हा लेख लिहिते आहे.

कोविडच्या काळात अभ्यासाचं ओझं कमी करायचं म्हणून, सीबीएसईच्या शाळांत जिची पुस्तकं चालतात त्या एनसीईआरटीनं दहावीच्या विज्ञानातला उत्क्रांतीचा भाग बाजूला ठेवला. पुढे तो कायमचाच गेला. 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्याचं नाव २०२३च्या पुस्तकात नुसतं 'आनुवंशिकता' झालं. त्या एप्रिलमध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिकांनी, शिक्षकांनी आणि अभ्यासकांनी ब्रेकथ्रू सायन्स सोसायटीच्या पुढाकारानं खुलं पत्र लिहून निषेध केला. त्यावर उत्तर आलं की बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांतीवर पूर्ण धडा आहे. तो आहे, हे खरंच. पण बारावीला जीवशास्त्र घेतो कोण? वाणिज्य आणि कला शाखांकडे जाणारी मुलं, अभियांत्रिकीसाठी गणित घेणारी मुलं, आणि दहावीनंतर शाळाच सुटलेली मुलं या धड्यापर्यंत कधी पोचतच नाहीत.

ओझ्याचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. मुलांवर ओझं आहे. पण उत्क्रांती काढल्यानं ते हलकं होतं, हे मला मान्य नाही. शरीर शिकताना जे 'का' लागतं, त्यातलं बरंचसं उत्क्रांतीत आहे. ते काढलं की उरते नावांची यादी, आणि यादीइतकं जड काही नसतं. नेफ्रॉन, विलाय, अलिंद, निलय या सगळ्यांना धरून ठेवणारा धागाच आपण तोडला.

आता इकडचं सांगते. माझी मुलगी नववीत बायॉलॉजी शिकली. इथे हा विषय जवळपास प्रत्येकाला हायस्कूलमध्ये करावा लागतो, पुढे तो चित्रकार होवो की वकील. तिच्या वर्गात उत्क्रांतीवर कित्येक आठवडे खर्च झाले. खडकाच्या थरांतले जीवाश्म, डीएनएतली साम्यं, जिवाणूंची प्रतिजैविकांना दाद न देण्याची क्षमता, सगळं झालं. मला तिचा हेवा वाटला. मग एकदा तिला विचारलं, स्वादुपिंड कुठे असतं? तिला सांगता आलं नाही. पित्त कुठे तयार होतं, तेही नाही. शरीराच्या सविस्तर अभ्यासाचा 'अ‍ॅनाटॉमी अँड फिजिऑलॉजी' हा पुढच्या इयत्तांतला ऐच्छिक विषय. तो ज्याला हवा तोच घेतो.

म्हणजे एका मुलाला शरीर ठाऊक आहे पण त्याचा इतिहास नाही, आणि दुसरीला इतिहास ठाऊक आहे पण शरीर नाही. दोन्ही माझ्याच घरातली मुलं. मला दोघांचाही सारखाच घोर लागतो.

आणि इथला अर्धा भागही काही सुखासुखी मिळालेला नाही. मी राहते त्याच राज्यात डोव्हर नावाचं गाव आहे. २००४च्या अखेरीस तिथल्या शाळामंडळानं ठरवलं, की नववीच्या वर्गात एक निवेदन वाचून दाखवायचं: डार्विनच्या सिद्धान्तात उणिवा आहेत, आणि 'इंटेलिजंट डिझाइन', म्हणजे कोणा बुद्धिमान कर्त्यानं सजीव घडवले हे मत, हा जीवसृष्टीच्या उगमाचा वेगळा खुलासा आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला नकार दिला. मग प्रशासनातल्या लोकांनी वर्गात येऊन ते वाचलं. अकरा पालक न्यायालयात गेले. २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानांचा निकाल दिला: इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही, सरकारी शाळेत ते विज्ञान म्हणून शिकवणं घटनाविरोधी आहे. त्याआधीच, नोव्हेंबरच्या निवडणुकीत, गावानं त्या बाजूच्या उभ्या राहिलेल्या आठही सभासदांना घरी पाठवलं होतं. निवेदन वाचायला नकार देणाऱ्या त्या शिक्षकांबद्दल मला फार आदर आहे. नोकरी त्यांचीही होती.

पण निकालानं सगळं सुटतं असंही नाही. पेन स्टेट विद्यापीठातले मायकेल बर्कमन आणि एरिक प्लट्झर यांनी २०११ मध्ये हायस्कूलच्या जीवशास्त्र शिक्षकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात सुमारे ६० टक्के शिक्षक उत्क्रांती ठामपणे शिकवतही नव्हते आणि तिला विरोधही करत नव्हते. वाद नको म्हणून ते अंग चोरत होते. प्लट्झर यांच्या नंतरच्या पाहणीत चित्र सुधारलेलं दिसतं, तरीही हे अंग चोरणं मला ओळखीचं वाटतं. आमच्या शाळेत प्रजननाचा धडा आला तेव्हा बाईंनी पान उलटलं आणि "हे घरी वाचा" म्हणाल्या. त्यावर कोणी बंदी घातली नव्हती. आम्ही मुली मासिक पाळीबद्दल जे शिकलो ते कुजबुजीतून शिकलो, आणि त्यातलं निम्मं चुकीचं होतं. धडा पुस्तकात असणं ही पहिली पायरी. तो मान वर करून शिकवला जाणं ही खरी गोष्ट.

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत म्हणाले, की डार्विनचा सिद्धान्त चुकीचा आहे, कारण माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून ते खोडलं, ते बरंच झालं. मला त्या वाक्यातल्या गैरसमजाची जास्त काळजी वाटते, कारण तो आमच्या पिढीतल्या पुष्कळ शिकलेल्या लोकांचाही आहे. आजच्या कुठल्याच माकडाचा माणूस झालेला नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज एक होता, तिथून वाटा फुटल्या. ही शिडी नाही, फांद्या आहेत. आपल्या 'उत्क्रांती' शब्दातला 'उत्' वर चढवतो, म्हणून हा घोटाळा मराठीत अधिकच होतो. "आमच्या दशावतारात हे सगळं आधीच आहे" असं प्रेमानं सांगणारेही भेटतात. मत्स्य, कूर्म, वराह ही रांग सुंदर आहे, पण ती दैवी हेतूची कथा आहे. उत्क्रांतीत हेतू नाही. कोण जगलं आणि कोणाची पिल्लं वाढली, एवढंच आहे. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी राहू शकतात.

महाराष्ट्राच्या राज्य मंडळाबद्दल मला अभिमानानं सांगायचं आहे. २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या दुसऱ्या भागाचा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती', आणि लगेच पुढचे दोन 'सजीवांतील जीवनप्रक्रिया'. क्रम किती अचूक आहे बघा! आधी इतिहास, मग शरीर. त्यात अवशेषांगं आहेत: आंत्रपुच्छ, अक्कलदाढ, माकडहाड. माझ्याकडे पडल्यानं माकडहाड दुखावलेले रुग्ण येतात, आणि दर वेळी मला मराठीचं कौतुक वाटतं. शेपूट नसलेल्या प्राण्याच्या शेपटीच्या हाडाला आपण किती सरळ नाव दिलं! पाचव्या-सहाव्या आठवड्यात गर्भाला शेपूट असतेच, मग ती विरते. एक दुरुस्ती मात्र शिक्षकांनी करावी: अवशेष म्हणजे निरुपयोगी नव्हे. माकडहाडाला ओटीपोटाच्या तळाचे स्नायू चिकटलेले असतात. जुन्या वस्तूला नवं काम मिळालेलं आहे.

शरीर आणि उत्क्रांती वेगळी शिकवली तर काय हातचं जातं, ते सिकलसेलवरून सर्वांत स्पष्ट दिसतं. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. एवढ्यानं तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, असह्य कळा येतात. इतकं शरीरशास्त्र झालं. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. ही झाली आनुवंशिकता. पण एवढा घातक दोष नंदुरबारच्या भिल्ल-पावरांत, गडचिरोलीच्या गोंड-माडियांत इतका टिकला कसा? याचं उत्तर फक्त उत्क्रांतीकडे आहे. ज्याच्याकडे या जनुकाची एकच प्रत असते त्याला गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळतं. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या निरीक्षणांवरून हे दाखवलं. जिथे मलेरिया होता तिथे हे जनुक टिकलं. इथे अमेरिकेत हा आजार प्रामुख्यानं कृष्णवर्णीयांत दिसतो, त्याचंही कारण हेच.

हे कळलेली मुलगी गडचिरोलीतल्या एखाद्या वस्तीत "आमच्या रक्तातच खोट आहे" असं ऐकेल, तेव्हा तिच्याकडे उत्तर असेल. तिच्या पूर्वजांना ज्यानं मलेरियात जगवलं, त्याचीच ही दुसरी बाजू आहे. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ मध्ये सुरू झाली, २०४७चं लक्ष्य ठेवून. त्याच वर्षीच्या एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात उत्क्रांती नव्हती. मला हे फार लागलं.

मलेरिया आणि रक्तदोषाचं हे नातं १९४९ मध्ये थॅलेसेमियाच्या संदर्भात सुचवलं होतं जे. बी. एस. हॉल्डेन यांनी. ते १९५७ मध्ये इंग्लंड सोडून भारतात आले, इथलं नागरिकत्व घेतलं, १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांचा देह काकीनाडाच्या वैद्यकीय महाविद्यालयाला दिला गेला. आम्ही उलट दिशेनं आलो. उत्क्रांतीचा एवढा मोठा अभ्यासक आपल्या मुलांना परका राहू नये, असं मला दूर राहून जास्तच वाटतं.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातली पाठ्यपुस्तकं टप्प्याटप्प्यानं बदलू लागली आहेत. दहावीची पाळी येईल तेव्हा तो पहिला धडा जागेवर ठेवा, एवढंच माझं मागणं आहे. बाकी चार आकृत्या कमी झाल्या तरी चालेल. आणि इथल्या पालकसभेत मी मागणार आहे की शरीराचा अभ्यास ऐच्छिक ठेवू नका.

भाच्याला त्या रात्री एक प्रयोग दिला. हात उताणा ठेव, अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकव, मनगट थोडं आत वाकव. मनगटाच्या मधोमध एक दोरी उठून दिसली तर तुला 'पामारिस लाँगस' हा अवशेष स्नायू आहे. काहींना नसतो, काहींना एकाच हाताला असतो, आणि नसला तरी मूठ तितकीच घट्ट. शल्यविशारद दुसरीकडे दुरुस्तीसाठी तीच दोरी काढून वापरतात. वीस मिनिटांनी त्याचा संदेश आला. त्याला दोन्ही हातांना आहे, धाकट्या बहिणीला फक्त उजव्या. बाबा झोपले होते, त्यांचा हात त्यानं झोपेतच वाकवून पाहिला, नीट कळलं नाही. आजीचा उद्या सकाळी बघणार आहे.