केळी म्हणा!

तुळशीचं लग्न लागलं की खानदेशात दोन वेचण्या सुरू होतात. शेतात कापसाची आणि गावोगावी स्थळांची. तिथून पुढे आमच्या स्टुडिओच्या दाराशी चपलांचा ढीग वाढतो, कारण बायोडाट्याचा फोटो काढायला मुलगा कधीच एकटा येत नाही. सोबत आई येते, मामा येतात, मामांच्या ओळखीचे एक आप्पा येतात आणि एक चुलतभाऊ येतो, ज्याच्या मोबाइलचा कॅमेरा आमच्या कॅमेऱ्यापेक्षा भारी असतो. सगळ्यांचं म्हणणं एकच, "काय भो, पाच मिनिटांचं तर काम!"

खरं आहे. आमचं काम पाच मिनिटांचंच आहे. तुमचं आठ दिवसांचं आहे आणि ते तुम्ही आदल्या रात्री उरकलेलं असतं.

कटिंगचंच घ्या. फोटोच्या दिवशी सकाळी कटिंग करून आलेला माणूस आम्ही दारातूनच ओळखतो. त्याच्या कानामागे आणि मानेवर पांढरा पट्टा असतो. केसांखाली झाकलेल्या त्या कातडीला आपलं ऊन कधी लागलेलंच नसतं, बाकी चेहऱ्यानं मात्र ते पोटभर खाल्लेलं असतं. पाच-सात दिवस आधी कटिंग केली की पट्टा रापतो आणि केसही आपापल्या जागी बसतात. डाय लावायचा असेल तर तोही तीन-चार दिवस आधी. कपाळाच्या कडेला लागलेला काळा डाग दोन-तीनदा डोकं धुतल्याशिवाय जात नाही. फेशियल आठवडाभर आधी, भुवया दोन दिवस आधी. दाढी मात्र त्याच दिवशी, पण दोन-तीन तास अगोदर, म्हणजे वस्तऱ्याची लाली उतरते. आमच्या बाथरूममध्ये घाईघाईनं दाढी करून आलेला नवरदेव फोटोत मांजरानं ओरबाडल्यासारखा दिसतो, आणि मग आई आमच्या लाइटला नावं ठेवते.

पावडरीबद्दल बोलावं तितकं थोडं. सनस्क्रीनमध्ये आणि बऱ्याच पावडरींमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असतं. हे पांढरे कण साध्या उजेडात गप्प बसतात, फ्लॅश पडला की प्रकाश परत कॅमेऱ्याकडे फेकतात. आरशात ठीक दिसलेला मुलगा फोटोत थेट पिठाच्या गिरणीतून उठून आल्यासारखा येतो, आणि मानेपासून खाली पुन्हा आपला घरचा रंग. खोबरेल तेल चापून बसवलेला भांग हा उलटा प्रकार. तेल कपाळावर उतरतं आणि तिथं फ्लॅशचा पांढरा ठिपका पडतो. त्या ठिपक्यात कातडीचा काही तपशीलच उरत नाही, म्हणून तो कॉम्प्युटरवरही धड दुरुस्त होत नाही. साधा टिश्यू पेपर कपाळावर नुसता टेकवायचा, घासायचा नाही. घासलं की पुन्हा लाली.

आता शर्ट. आईनं खास घेतलेला नवा शर्ट बहुधा पांढरा असतो आणि आमचा पडदाही पांढरा. फोटोत मग एक डोकं आणि दोन हात हवेत तरंगतात. पांढराच हवा असेल तर आम्ही मागचा पडदा राखाडी लावतो, पण आत पांढरी बनियन घालू नका, तिच्या पट्ट्या शर्टातून जनगणनेसारख्या मोजता येतात. फिकट राखाडी बनियन दिसत नाही. बारीक चौकड्यांचा शर्ट त्याहून अवघड, कारण कापडाची जाळी आणि कॅमेऱ्याच्या आतल्या सेन्सरची जाळी एकमेकींवर पडली की छातीवर रंगीत लहरी उमटतात. नवा शर्ट खोक्यातून काढून तसाच घातला तर घडीचे चौकोन दिसतात. कॉलरमधली टाचणी राहिली असेल तर मुलगा मान का वळवत नाही, हे आम्हाला चौथ्या फोटोला कळतं. शर्टला इस्त्री करा, हँगरवर टांगून आणा आणि इथं आल्यावर घाला. खिसा रिकामा करा. दोन मोबाइल, पेन आणि एका विशिष्ट पुडीचा आकार मुलीकडच्यांना बरोबर कळतो.

कोट नसेल तर स्टुडिओचा आहे. तो एकच आहे, 42 नंबरचा, आणि 36 पासून 44 पर्यंत सगळे त्यात बसतात. बारीक माणसाला मागून चिमटे लावतो. समोरून कलेक्टर, मागून कपडे वाळत घालायची दोरी. साइड पोझ तेवढी मागू नका.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास येणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. जळगाव-भुसावळकडे तेव्हा पारा 44-45 च्या घरात असतो. गाडीवरून आलेल्या माणसाचे केस हेल्मेटनं चपटे, गालावर रुमालाची खूण आणि काखेत घामाचा नकाशा. सकाळी दहाच्या आत या, आल्यावर पंधरा मिनिटं पंख्याखाली बसा, मानेवर गार ओला नॅपकिन ठेवा. चष्मा उन्हात काळा होणारा असेल तर ही पंधरा मिनिटं त्यालाही लागतात, नाहीतर फोटोत मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यासारखं दिसतं. चष्म्यावर लाइट चमकत असेल तर आम्ही लाइट वर चढवतो आणि काड्या कानावरून किंचित उचलायला सांगतो, म्हणजे काचा जराशा खाली झुकतात आणि चमक जमिनीकडे जाते. "चष्म्याशिवाय काढा" म्हणत असाल तर तो अर्धा तास आधी उतरवा, नाकावरचे खळगे भरायला वेळ लागतो. तसं मुलगी बघायला जाताना चष्मा लावूनच जाणार आहात, पण तो तुमचा प्रश्न.

एवढं झालं की स्टूल. लाइट एका बाजूनं, साधारण 45 अंशांवर, डोळ्यांपेक्षा वर. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा, सावली मऊ करायला. हा पत्रा आम्ही मामांना धरायला देतो. निम्मा प्रकाशासाठी, निम्मा मामांसाठी, कारण मोकळे मामा "ताठ बस!" म्हणतात आणि ताठ बसलेला मुलगा शाळा तपासणीला आल्यासारखा दिसतो. खांदे थोडे तिरके, चेहरा कॅमेऱ्याकडे, मान कासवासारखी पुढे आणि मग हनुवटी बोटभर खाली. हे करताना माणसाला वाटतं आपली फजिती चालली आहे. फोटोत मात्र जबड्याची रेघ साफ येते आणि दुसरी हनुवटी गायब होते.

कॅमेरा 85 मिलिमीटरच्या लेन्सवर, दोन-अडीच मीटर लांब. इथं चुलतभाऊ विचारतो, "एवढ्या लांबून कशाला?" हातभर अंतरावरून काढलं की नाक कानांपेक्षा बरंच जवळ पडतं, म्हणून मोठं दिसतं. दोष मोबाइलचाही नाही, अंतराचा आहे. लांब गेलं की नाक आपल्या औकातीत येतं.

माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो आणि फोटोच्या वेळी त्यातल्या बहुतेक आम्हालाच सापडतात. आमच्याच चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस टेबल-टॉप, म्हणजे टेबलावर वस्तू मांडून काढलेल्या छायाचित्रांसाठी ओळखले जातात. टेबलावरची वस्तू पापणी मिटत नाही, आणि तिचे मामाही नसतात. आमच्याकडे उपाय असा: डोळे मिटून बसायचं, आम्ही तीन म्हणताच उघडायचे. पुढचे दोन सेकंद डोळे ताजे असतात.

हसण्याला मात्र "चीज" नको. रावेर-यावलच्या माणसानं "केळी" म्हणावं. शेवटच्या "ळी"ला ओठ आपोआप फाकतात आणि गाल वर जातात. "केळं" म्हटलं तर तोंड उघडंच राहतं आणि "भरीत" म्हटलं तर जीभ दातांत अडकते आणि भूकही लागते. हसू दोन-तीन सेकंदांत शिळं होतं, म्हणून आम्ही बटण दाबेपर्यंत केळी गिळून ठेवा.

मग निवड. चाळीस फोटो स्क्रीनवर लावले की मुलगा पहिल्यांदा म्हणतो, "हाऊ मी नही शे." त्याचं बरोबर आहे. त्यानं आजवर स्वतःला आरशात पाहिलंय, म्हणजे उलटं. फोटोत भांग दुसऱ्या बाजूला गेला की त्याला हा कोणीतरी परका वाटतो. आईला मात्र तोच फोटो आवडतो, तिनं त्याला जन्मापासून याच बाजूनं पाहिलेलं असतं. निवड आईवर सोडा.

"थोडा गोरा करा ना" हे वाक्य शेवटी येतंच. आमचा नियम साधा आहे. आठ दिवसांत आपोआप जाणारं आम्ही पुसतो, जन्माचं ठेवतो. पुटकुळी जाते, तीळ राहतो, रंग राहतो. कांदेपोह्यांच्या वेळी पाहुण्यांनी फोटोतल्या मुलाची चौकशी करावी, ही वेळ कशाला आणायची?

फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवली तर तिचा भुगा होतो. हे आम्ही दोनदा सांगतो. मामा मान हलवतात, तिथूनच समोरच्या दुकानात जातात आणि बायोडाट्याच्या पन्नास काळ्यापांढऱ्या झेरॉक्सा काढतात. झेरॉक्समध्ये लाइट, लेन्स, हनुवटी काही उरत नाही. एक काळा गोल, त्यात चष्मा आणि मिशी.

तेव्हा मिशी तेवढी नीट कोरून या.