व्हिएन्ना ऑपेराच्या स्वस्त तिकिटांबद्दल खुलासा

सध्या युरोप ट्रिपवाल्या ग्रुपमधे एक मेसेज फिरतोय की व्हिएन्ना स्टेट ऑपेराचं स्वस्त तिकीट फक्त स्टुडंट्सना मिळतं, बाकीच्यांनी बाहेर जे मोझार्टसारखा विग घालून उभे असतात त्यांच्याकडून हाफ रेटमधे घ्यावं. दोन्ही चुकीचं आहे!

स्वस्त तिकिटं म्हणजे उभं राहून बघायची, आणि ती कोणालाही मिळतात, वयाची अट नाही. २७ वर्षांखालच्यांसाठी सवलत आहे पण ती वेगळी, तिथेच घोळ झालाय बहुतेक. उभं राहायची तिकिटं शोच्या दिवशीच निघतात, चांगल्या सीटच्या मानाने अगदी किरकोळ किमतीत, आणि पार्टेअरमधली (म्हणजे तळमजल्यावरची) जागा तर स्टेजच्या बरोब्बर समोर. उभं राहायच्या जागेसमोरच्या कठड्यावरच छोट्या स्क्रीनवर इंग्लिश सबटायटल्स येतात त्यामुळे जर्मन-इटालियन येत नसलं तरी काही अडत नाही.

आणि ते विगवाले बहुतेक वेळा टुरिस्टांसाठीच्या दुसऱ्याच कॉन्सर्टची तिकिटं विकतात, ऑपेराच्या सीझनची नाही, त्यामुळे पैसे देण्याआधी हॉलचं नाव नीट वाचा. जुलै-ऑगस्टमधे जाणाऱ्यांनो, तेव्हा सीझनच बंद असतो, सप्टेंबर ते जून बघा. प्लीज हे त्याच ग्रुपमधे टाका.