'आम्ही उन्हातच खेळलो, आम्हाला कुठं काय झालं' या मेसेजला उत्तर

गेल्या काही दिवसांत एकच मेसेज मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आलाय. थोडक्यात असा: "आम्ही भर उन्हात दिवसभर क्रिकेट खेळलो, कधी काही झालं नाही. आजकालची पोरं नाजूक. डीन जोन्सनी ओकत ओकत डबल सेंच्युरी मारली होती. पाणी पीत राहिलं की ऊन लागत नाही. टेंपरेचर ४० च्या खाली असेल तर घाबरायचं कारण नाही. घाम येतोय तोवर सगळं ठीक. आणि शेवटी खेळाडूलाच विचारा, तो नको म्हणाला तरच थांबवा." खाली टाळ्यांचे इमोजी. मी हल्ली सुट्टीच्या दिवशीच्या मॅचमध्ये खेळतो कमी आणि अंपायरिंग जास्त करतो, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

आधी ते "आम्हाला काही झालं नाही". खरंय, मलाही नाही झालं. पण ज्यांना झालं ते हा मेसेज फॉरवर्ड करत नाहीयेत ना राव. आणि दुसरं म्हणजे तेव्हा आपण रोज उन्हात असायचो. शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात, त्यात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं. ही सवय टिकाऊ नाही, काही आठवडे उन्हात गेलो नाही की उतरते. आता पाच दिवस एसीत बसायचं आणि सहाव्या दिवशी दुपारी एक वाजता पॅड बांधून उतरायचं, वर आदल्या रात्रीचं जागरण, आणि तुलना कोणाशी, तर सोळा वर्षांच्या स्वतःशी! पोरं नाजूक वगैरे काही नाही. उलट तरुण आणि फिट माणूसच जास्त जोर लावतो, थांबत नाही, म्हणून तो जास्त सापडतो.

ऑस्ट्रेलियाचा बॅटर डीन जोन्स, त्याचं उदाहरण देणाऱ्यांनी गोष्ट अर्धीच सांगितलीय. १९८६, मद्रासची टाय झालेली टेस्ट, २१० रन, आठ तासांच्या वर बॅटिंग, सगळं बरोबर. पण त्यानंतर त्याला हॉस्पिटलात नेऊन सलाईन लावावं लागलं, हे कोण सांगणार? इंग्लंडचा कॅप्टन जो रूट २०१८ च्या जानेवारीत सिडनीला असाच हॉस्पिटलात गेला, त्याला पोटाचा त्रास होता आणि त्यात आदल्या दिवशी शहराच्या पश्चिमेला पेनरिथला ४७.३ डिग्री, परत येऊन बॅटिंग केली पण लंचनंतर उतरला नाही, स्कोअरकार्डवर 'रिटायर्ड इल', म्हणजे आजारी पडून बाहेर. शुभमन गिल २०२३ च्या वर्ल्ड कप सेमीफायनलला ७९ वर क्रॅम्प आले म्हणून बाहेर गेला, शेवटी परत आला, ८० नाबाद. काय बिघडलं? नियमच तसा आहे, आजारी किंवा जखमी बॅटर बाहेर जाऊन नंतर परत येऊ शकतो, आजारी फील्डरच्या जागी सब्स्टिट्यूट मिळतो. आणि या लोकांच्या बाजूला डॉक्टर, फिजिओ, बर्फ, सगळं हजर असतं. आपल्या मॅचला काय असतं? एक पाण्याचा जार, आणि तो पण दुसऱ्या इनिंगला रिकामा.

पाण्याचा मुद्दा सगळ्यात जास्त पसरलाय आणि अर्धा खरा असल्यामुळे जास्त धोक्याचा आहे. पाणी पाहिजेच, त्यात वाद नाही. पण हीटस्ट्रोक म्हणजे नुसती पाण्याची कमतरता नाही, तो उष्णतेचा हिशोब आहे. स्नायू जी एनर्जी वापरतात त्यातली तीन चतुर्थांशाहून जास्त उष्णता होऊन बाहेर पडते, म्हणजे ऊन बाहेरून तापवतंय आणि फास्ट बॉलर आतून स्वतःच भट्टी पेटवतोय. ती उष्णता बाहेर जायचा मोठा रस्ता एकच, घामाची वाफ. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर जवळपास ५८० किलोकॅलरी घेऊन जातो, पण वाळला तर! टपकून खाली पडला तर उपयोग शून्य. आता पॅड, ग्लोव्ह्ज, थाय पॅड, हेल्मेट घातलेला बॅटर घ्या, नाहीतर प्रत्येक बॉलला उठबस करणारा कीपर, त्यांचा घाम वाळणार कुठं? २०१९ मध्ये 'हिट फॉर सिक्स' नावाचा क्रिकेट आणि हवामानबदलावरचा रिपोर्ट आला होता, त्यात बॅटरच्या दिवसभराच्या उष्णतेची तुलना मॅरेथॉनशी केली होती, फरक एवढाच की मॅरेथॉनवाला बनियन आणि चड्डीवर पळतो. अशा माणसाला चार बाटल्या पाजल्या तरी पॅडच्या आतली हवा बदलत नाही. आणि नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली जाऊन वेगळंच संकट येतं, तेही जीवघेणं असतं.

४० च्या खाली सेफ? हा आकडा आला कुठून तेच कळत नाही. मोबाईलवर दिसणारं टेंपरेचर हे सावलीतलं, जमिनीपासून वर, हवा खेळती असलेल्या पेटीतलं. पिचवर सावली आहे का? खेळासाठी जो आकडा बघायचा तो डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर), त्यात ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरला ७० टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या थर्मामीटरला २० टक्के आणि साध्या हवेच्या टेंपरेचरला फक्त १० टक्के वजन असतं. म्हणजे तुम्ही ज्याच्यावरून मॅच ठरवताय त्याला १० टक्के! म्हणूनच दमट हवेतले ३३ कोरड्या ३९ पेक्षा वाईट असू शकतात, ढग असले तरी. बाकी २०२५ च्या मार्चमध्ये ॲडलेडला एक क्लब क्रिकेटर चाळिशीच्या वरच्या उन्हात मॅच चालू असताना कोसळला आणि वारला. तिथल्या असोसिएशनचा ४२ च्या वर मॅच रद्द करायचा नियम होता, म्हणजे नियम असूनही तो दिवस नियमाच्या आतच बसत होता. एका आकड्यावर सगळं सोपवलं की असं होतं.

घामाचं लवकर उरकतो. उन्हात नुसतं बसून ज्यांना ऊन लागतं, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना, त्यांची कातडी कोरडी पडते. खेळताना होणाऱ्या हीटस्ट्रोकमध्ये माणूस घामानं निथळत असू शकतो. घाम बघू नका, वागणं बघा.

आणि इथंच त्या मेसेजमधलं सगळ्यात चुकीचं वाक्य येतं, "खेळाडूलाच विचारा". शरीराच्या आतलं टेंपरेचर ४० च्या आसपास गेलं की पहिला बिघडतो तो मेंदू, आणि आपण विचारतोय त्याच मेंदूला की बाबा तू ठीक आहेस का.

मी अंपायर असतानाची गोष्ट. ओपनिंग बॉलर, चांगला दणकट पोरगा, सलग चौथी ओव्हर टाकून फाइन लेगला फील्डिंगला जायला निघाला आणि चालत चालत आला माझ्याकडे, हात पुढे केला, टोपी मागायला (बॉलर ओव्हर टाकताना टोपी अंपायरकडे देतात). टोपी त्याच्या डोक्यावरच होती. मला वाटलं चेष्टा करतोय. मग म्हणाला, अजून किती रन पाहिजेत? त्याच्या टीमची बॅटिंग अजून व्हायचीच होती. कॅप्टन आला, विचारलं, ओके आहेस ना, तर हा एकदम चिडून "मी ओके आहे, ओव्हर दे". चिडणं हे पण लक्षण असतं, हे मला तेव्हा माहीत होतं म्हणून बरं. सरळ मॅच थांबवली. सावलीत नेलं, बूट, मोजे, शर्ट काढला, जो जार पिण्यासाठी होता तो त्याच्या अंगावर ओतला, कूलरबॉक्समधल्या बर्फाच्या पाण्यात टॉवेल बुडवून डोक्यावर, मानेवर, काखेत, जांघेत, आणि दर मिनिटाला बदलत राहिलो, दोघं जण कार्डबोर्डनी वारा घालत होते. एकानं तापाची गोळी काढली, ती खिशात परत ठेवायला लावली, कारण हा ताप नाही, पॅरासिटामॉलनी हे उतरत नाही. कोणी म्हणत होतं आधी गाडीत घाला. ॲम्ब्युलन्सला फोन केलाच होता, पण ती येईपर्यंत थंड करणं थांबवायचं नाही, पहिल्या अर्ध्या तासात टेंपरेचर खाली आणण्यावर सगळं असतं. मोठा टब असेल तर गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवणं सगळ्यात भारी, नसेल तर ताडपत्रीची झोळी करून चार जणांनी धरायची. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही, ठसका लागून श्वासनलिकेत जातं.

आणि अंपायरला हा अधिकार आहे बरं का, "रद्द कोण करणार" म्हणून कॅप्टनांनी भांडायची गरजच नाही. क्रिकेटच्या दुसऱ्या नियमात लिहिलंय की ग्राउंड, हवामान किंवा प्रकाश यामुळे खेळणं धोकादायक आहे का हे फक्त अंपायर ठरवतात. अंधार पडला की आपण बिनधास्त बेल्स काढतो, उन्हाला मात्र लाजतो. रद्दच करा असंही नाही, सकाळी साडेसहाला सुरू करा, ओव्हर कमी करा, बॉलरला दोन-दोन ओव्हरचे स्पेल, मध्ये कीपर बदला, ड्रिंक्स जास्त वेळा आणि सावलीत, हेल्मेट काढून.

तो पोरगा दोन दिवसांनी घरी आला, ठीक आहे, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय खेळणार नाही. स्कोअरबुकात त्याच्या नावावर चार ओव्हर, एकोणीस रन, एक विकेट आहे. ती विकेट तिसऱ्या ओव्हरमधली, मिडल स्टंप उडवला होता, त्याला मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवला तर म्हणाला हा मी आहे का.